आजार रक्ताचा, सेवा सुनेची

ती आमच्या कन्हानच्या सल्ला केंद्रात पहिल्यांदा आली ती 'नवरा मारतो' म्हणून. शनिवारी येणारे बहुतेक अर्ज तसेच असतात. कोळसा खाणींचा आणि कारखान्यांचा हा पट्टा, त्यात ठेकेदारीची कामे, आठवड्याचा पगार आणि वाटेवरची दारूची दुकाने. अर्जाचा मजकूर माझ्या हाताला पाठ झालेला. 'दारू पितो का?' या रकान्याशी आम्ही आलो आणि ती म्हणाली, "पीत नाई मॅडम. पन चालते तसा. लोकायले वाटते पिऊन आला."

मी 'नाही' लिहिले आणि पुढच्या रकान्याकडे गेले.

ही 2018 सालची गोष्ट. पुढच्या शनिवारी तो आला, सोबत मोठा भाऊ. खुर्चीत त्याला धड बसता येईना. खांदा उडत होता, पायाचा अंगठा सारखा वरखाली, बोटे मांडीवर पेटी वाजवल्यासारखी चाललेली. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा आणि तुटक. बायकोविषयी विचारले तसा एकदम ओरडला आणि टेबलावरची पाण्याची बाटली भिरकावली. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली बाई, वैद्यकीय आणि मनोचिकित्सा समाजकार्याच्या पेपरात चांगले गुण मिळवलेली. माझ्यासमोर एक रोगी बसला होता आणि मी फाइलमध्ये लिहिले : 'उद्धट. बैठकीत सहकार्य करत नाही. संशयी स्वभाव.' ते वाक्य आजही फाइलमध्ये आहे. मी ते खोडलेले नाही.

(या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, नावे तर देतच नाही. तिला विचारून लिहिते आहे. "लिहा, पन माह्या पोरीचं नाव नको," एवढेच ती म्हणाली.)

दीड वर्षाने त्याच्या दुखण्याला नाव मिळाले. तोपर्यंत ठेकेदाराने 'पिऊन येतो' म्हणून कामावरून काढले होते. मधल्या काळात दोन बुवा, एक हाडवैद्य, ताकदीची इंजेक्शने आणि झोपेच्या गोळ्या झाल्या होत्या, तिच्या कानातले विकून झाले होते. शेवटी नागपूरच्या एका न्यूरोलॉजिस्टने रक्त तपासायला पाठवले आणि सांगितले की हा हंटिंग्टन आजार आहे.

आपल्यापैकी अनेकींनी हे नाव ऐकलेले नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टरने 1872 मध्ये या आजाराचे वर्णन लिहिले. आपल्या प्रत्येक पेशीतल्या चार क्रमांकाच्या गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्यातला एक छोटा तुकडा एकामागून एक पुन्हा पुन्हा आलेला असतो. तो 40 किंवा त्याहून जास्त वेळा आला तर माणसाला पुढे कधीतरी हा आजार होतो. बहुतेकांना तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरुवात होते, म्हणजे लग्न होऊन, मुले होऊन गेल्यावर. हातपाय आपोआप नाचू लागतात. त्याच्या आधी किंवा बरोबरीने स्वभाव बदलतो : चिडचिड, संशय, हट्ट, उदासी. पुढे बोलणे, गिळणे, चालणे जाते. सुरुवातीपासून शेवटापर्यंत साधारण 15 ते 20 वर्षे. हालचाली कमी करणारी, मन शांत ठेवणारी औषधे आहेत, आजार थांबवणारे औषध अजून आपल्या हातात नाही. 2025 च्या सप्टेंबरमध्ये मेंदूत शस्त्रक्रियेने दिल्या जाणाऱ्या एका जनुकोपचाराने आजाराची गती मंदावल्याची बातमी परदेशातून आली, पण ती मोजक्या रुग्णांवरच्या चाचणीची. कन्हानच्या घरात ती पोचायला वेळ आहे.

आई किंवा वडील, दोघांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. नाणेफेकीसारखी. बापाकडून आला तर पुढच्या पिढीत तो लवकरच्या वयात उतरण्याची शक्यता जास्त असते, हेही शास्त्राला माहीत आहे.

निदान कळले तेव्हा मला काय वाटले ते प्रामाणिकपणे सांगते. सुटल्यासारखे वाटले. एक अवघड अर्ज मिटला. मी तिला समोर बसवले, हात हातात घेतला आणि म्हणाले, "तो मुद्दाम करत नाही गं. आजार आहे तो. समजून घे." फाइलवर 'तडजोड' असा शिक्का बसला आणि ती बंद झाली.

चार-पाच महिन्यांनी ती परत आली. डाव्या डोळ्याखाली काळे-निळे. अर्ज लिहायचा नाही म्हणाली, नुसती बसली. मग म्हणाली, "तो आजारी हाये, हे समदे सांगतेत. मंग मी कोन हाये?"

मैत्रिणींनो, हा लेख या एका प्रश्नापायी लिहिते आहे. आदल्या दिवशीपर्यंत ती मार खाणारी बाई होती. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा 2005 चा कायदा तिचा होता, आम्ही तिच्या होतो. डॉक्टरांच्या एका कागदाने ती 'रुग्णाची नातेवाईक' झाली आणि तिचे सगळे हक्क त्या कागदाखाली गेले. मारहाण तीच, गाल तोच. फरक एवढाच की आता तक्रार करणेही पाप. आणि हे तिला सासरच्यांनी सांगितले नाही, स्त्री-मुक्तीच्या शिबिरांत गाणी म्हणणाऱ्या मी सांगितले.

त्यानंतर मी त्या घरी नीट जाऊ लागले. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारला होता. भासऱ्याने सांगितले, 'आमच्या घरात असं कोणाले नाई.' मी कागद घेऊन वंशावळ काढायला बसले. आजोबा, त्यांचे तीन मुलगे, त्यांचे मुलगे. "आणि मुली?" असे विचारले तर भासरा म्हणाला, "पोरी गेल्या आपापल्या घरी." त्यांना वंशावळीत धरायचे असते हेच त्याला ठाऊक नव्हते, यात त्याचा दोष काय? आपल्याकडे वंशावळ म्हणजे पुरुषांचीच यादी. चुलीपाशी बसलेली म्हातारी सासू तेव्हा पहिल्यांदा बोलली. मोठी नणंद होती म्हणाली, भंडाऱ्याकडे दिलेली. दोन लेकरे झाल्यावर 'वेडी झाली' म्हणून सासरच्यांनी आणून सोडली, लेकरे ठेवून घेतली. अंगात येते म्हणत. वाकडीतिकडी चाले, ताटातले सांडे, मुले मागून दगड मारत. माहेरच्या ओसरीवर सात-आठ वर्षे काढून ती गेली. आणि सासरा? "त्यायले बी शेवटाले तसंच होतं. वारं गेलं मनत लोक."

'घरात कोणाला नाही' या वाक्याच्या पोटात दोन रोगी होते. एक पुरुष, त्याच्या आजाराला लकव्याचे नाव दिले. एक बाई, तिला घराण्यातूनच वगळले. त्या आत्याच्या मुलांना आजही कोणी कळवलेले नाही. कळवावे की नाही, यावर घरात दोन तट आहेत, आणि आत्याची मुले तर आता स्वतः मुलेबाळे असलेली असणार.

वंशावळ पूर्ण झाल्यावर कागदावर एक गोष्ट लख्ख दिसली. त्या घरातल्या मोठ्या माणसांपैकी फक्त तिघींचे रक्त या आजारापासून मोकळे होते : सासूचे आणि बाहेरून आलेल्या दोन सुनांचे. आणि सासऱ्याची शुश्रूषा कोणी केली? सासूने. नवऱ्याची कोण करते? धाकटी सून. आजार रक्ताने खाली येतो आणि सेवा कुंकवाने. ज्यांच्या रक्तात तो असू शकतो ते भाऊ, चुलते, चुलतभाऊ संध्याकाळी येऊन 'कसं हाये आता?' विचारून जातात.

सुनेचा सगळा राग सासूवर होता. "बुढीले माहीत होतं, तरी मले करून आनली." ते खरेही होते. लग्नाच्या वेळी तो सव्वीस वर्षांचा, हातून भांडी निसटू लागली होती, नोकरी टिकत नव्हती. 'गरिबाघरची, कामाची पोरगी पाहा' असे नातेवाइकांना सांगितले गेले. गरिबाघरची, म्हणजे परत जायला जिला जागा नाही अशी. आपल्या समाजात लग्न हे काळजी घेणाऱ्या हातांची भरती करण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे, हे एवढ्या उघड मी कुठे पाहिले नव्हते. मी सासूला जरा तोडूनच विचारले. ती म्हणाली, "मले तरी कोनं सांगतलं होतं, बाई?" तिलाही तशीच आणली होती. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता तिचा दिवस सांगते, कारण 'रुग्णाची काळजी' या दोन शब्दांत तो मावत नाही. या आजारात अंग सतत हलत असल्याने शरीर खूप ताकद जाळते, रुग्ण झपाट्याने वाळतो, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा भरवावे लागते. गिळताना ठसका लागतो, पातळ पाणी तर घशात अडकतेच, म्हणून वरण घट्ट, भात मऊ कालवून, एकेक घास, आणि प्रत्येक घासानंतर थांबायचे. एका जेवणाला पाऊण तास. खाटेवरून पडतो म्हणून गादी जमिनीवर, तिच्या कडेने जुनी गोधडी गुंडाळून लावलेली. काचेचे घरात काही नाही. गॅसची टाकी तिने कुलूपबंद पेटीत ठेवली आहे, एकदा त्याने मध्यरात्री बटण सोडले होते. आंघोळ घालताना दोन माणसे लागतात, दुसरे माणूस म्हणजे चौदा वर्षांची मुलगी. मुलीची शाळा आठवीनंतर सुटली. मुलगा अकरा वर्षांचा, तो शाळेत जातो. असे का, हे कोणी ठरवले नाही. आपोआप झाले. पूर्वी ती ब्लाउज शिवायची, महिन्याला तीन-चार हजार यायचे. आता मशीनवर कपड्यांचा ढीग असतो. नागपूरला न्यायचे तर ऑटो सांगावा लागतो, बसमध्ये तो हलतो म्हणून लोक शिव्या देतात. एकदा कामठीच्या स्टॉपवर दोघांना उतरवून दिले.

आणि रात्र. तो रात्री झोपत नाही, उठून दारे बडवतो, ती कुणाबरोबर बोलत होती ते विचारतो.

आमच्या केंद्रातली एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, अशा बाईला बाहेर काढले पाहिजे. मी तिला तेच विचारले, तुला बाहेर पडायचे आहे का? "सोडून कोठी जाऊ? आन सोडाचंच असतं तं तवाच सोडलं असतं. चांगला होता तो पयले. मले फक्त आठ दिवसांतून दोन रात्री झोपू द्या." तिची मागणी एवढीच. ती आमच्या अर्जाच्या कुठल्याही रकान्यात बसत नव्हती.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. वुडी गथ्री हा अमेरिकेतला मोठा लोकगायक. त्याच्या आईला हाच आजार होता, ती वेड्यांच्या इस्पितळात गेली आणि तिथेच वारली. त्यालाही लोक दारुड्या समजले, डॉक्टरांनीही निदाने चुकवली. 1967 मध्ये तो गेला तेव्हा 55 वर्षांचा होता. त्याची शुश्रूषा ज्या मार्जोरी गथ्रीने केली ती नृत्यांगना होती, आणि तेव्हा त्याची बायको नव्हती. कधीच घटस्फोट झाला होता. ती परत आली ती आपल्या मर्जीने. त्याच्या मृत्यूच्या वर्षीच तिने या आजाराच्या कुटुंबांची संघटना उभी केली, पुढे अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाची ती अध्यक्ष झाली. संशोधनाला पैसा मिळाला, त्यातूनच व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांचा अभ्यास झाला आणि 1993 मध्ये जनुक सापडले. तो अभ्यास पुढे नेणारी नॅन्सी वेक्सलर हिची आई याच आजाराने गेली होती, आणि आपल्यालाही तो असल्याचे नॅन्सीने 2020 मध्ये जाहीर केले. या गोष्टीतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की मार्जोरीला 'नाही' म्हणता येत होते. जिला 'नाही' म्हणता येत नाही तिच्या सेवेला आपण त्याग म्हणतो, आणि वर्षातून एकदा हार घालतो.

आता उलटी बाजू. आजार नवऱ्याच्या घराण्यातला असेल तर तो लपवला जातो, आणि बायकोकडून आला असेल तर चव्हाट्यावर आणला जातो. पारशिवनीकडच्या एका बाईचे दोन मुलगे. मोठा पाच वर्षांचा असताना जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकून उठू लागला, बाराव्या वर्षी चालणे बंद. धाकट्याचेही तेच. ड्युशेन नावाचा हा स्नायूंचा आजार आहे. त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, तो बहुधा आईकडून येतो आणि जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये तो आईकडूनही आलेला नसतो, नव्यानेच घडलेला असतो. पण दवाखान्यात घाईघाईने 'आईकडून येतो' एवढे वाक्य कानावर पडले आणि सासरी पंचायत बसली. 'हिच्या माहेरचं खोटं रक्त.' नवऱ्याने दुसरी केली. ही माहेरी, दोन मुले उचलून. मोठा आता पंधराचा आहे. त्याला दिवसातून कितीदा उचलावे लागते ते तिच्या कंबरेला विचारा. तिच्या धाकट्या बहिणीचे जुळलेले लग्न मोडले, तीही वाहक असेल म्हणून. असेल किंवा नसेलही, तपासणी कोणी केली नाही.

आपल्या विदर्भात हे नवे नाही. सिकलसेल आपल्याकडे घरोघर माहीत आहे, आणि त्यात दोष आई-वडील दोघांकडून आला तरच मूल आजारी होते. तरी ऐकून घेते ती आईच. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्यांनी (त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली) आयुष्यभर त्या रुग्णांसाठी काम केले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, 2023 मध्ये राष्ट्रीय मोहीम आली. चांगलेच झाले. पण गावागावांतून तपासण्या झाल्यावर कार्ड कोणाचे आधी मागितले जाते? मुलीचे. मुलगा वाहक असला तर 'त्याले काय होते' म्हणून सोडून देतात.

म्हणून 'लग्नाआधी सगळ्यांच्या जनुकांची तपासणी करा' असे कोणी व्यासपीठावरून म्हणाले की मला धास्ती वाटते. ज्या आजारावर इलाज नाही त्याची तपासणी करून घ्यायची की नाही, हे ज्या माणसाच्या रक्तात तो असेल त्यानेच, मोठे झाल्यावर, नीट समुपदेशन घेऊन ठरवायचे असते. अज्ञान मुलांची लक्षणांशिवाय अशी तपासणी करायची नाही, असाच जगभरचा संकेत आहे. आमच्या या घरात मात्र सगळ्यांना मुलीची तपासणी हवी आहे, तीही आत्ता, लग्नाचे पाहायचे म्हणून. मुलाचे नाव कोणी काढत नाही. ती मुलगी एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मले झालं तं माहं कोन करन?" चौदाव्या वर्षी तिला कळले आहे की बाई आजारी पडली तर तिला ओसरी मिळते.

गर्भजल तपासणीचा प्रश्नही याला लागूनच आहे. लिंगनिदानाविरुद्ध आपण लढलो. महाराष्ट्राचा 1988 चा कायदा देशात पहिला, मग 1994 चा केंद्राचा. त्या कायद्याने आनुवंशिक आजारांच्या निदानाला परवानगी ठेवली, आणि ती असावी असेच माझे मत आहे. अशा आजाराचे मूल जन्माला घालायचे की नाही हे त्या बाईने ठरवावे. पण दोन्ही बाजूंनी तिच्यावरच हात उगारलेले असतात. पाडले तर पापी, ठेवले तर बेजबाबदार. दिव्यांग मैत्रिणी जे विचारतात तेही ऐकले पाहिजे. त्या म्हणतात, आम्ही जन्मालाच यायला नको होतो का? याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. एवढे कळते की मूल वाढवण्याचा सगळा भार जोवर एका बाईच्या अंगावर आहे तोवर तिची 'निवड' मोकळी नाही.

आणि हा भार हलका करणे सरकारच्या यादीत आहे का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. त्यात स्नायुक्षय आहे आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजारही आहेत. कलम 24 मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र सगळे सरकारच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. केरळने त्याच्याही आधी, 2010 पासून, अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना आश्वासकिरणम योजनेतून दरमहा थोडी रक्कम देऊ केली. रक्कम हसण्यासारखी आहे, पण ती काळजी घेणाऱ्या माणसाच्या नावाने आहे. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना मिळणारी रक्कम 2025 मध्ये दीड हजाराची अडीच हजार झाली. ती रुग्णाची, आणि ती मिळायला आधी प्रमाणपत्र पाहिजे. आमच्या या रुग्णाला तपासणीच्या दिवशी औषधाने जरा बरे होते, हातपाय सगळे जागेवर. 'याले काय झालं?' असे विचारून एका कार्यालयातून परत पाठवले. तीन फेऱ्या, तीन ऑटो. चौथ्या वेळी मी सोबत गेले, इंग्रजी बोलले, काम झाले. माझ्या इंग्रजीला हा मान का मिळावा?

2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्या माणसांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी 134 मिनिटे वेळ त्यात जातो असे निघाले, करणाऱ्या पुरुषाचा 76 मिनिटे. माझ्या या बाईची 134 मिनिटे सकाळी नऊच्या आत संपतात.

एक गंमत पाहा. आई-वडिलांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यात जबाबदारी मुलगा, मुलगी, नातवंडे यांच्यावर टाकली आहे. सून त्या यादीत नाही. म्हणजे सासू-सासऱ्यांचे करणे कायद्याने तिच्यावर बंधनकारक नाही. पण वस्तीत हे वाक्य उच्चारून पाहा.

आम्ही नंतर काय केले ते सांगते, फार मोठे नाही. बंद फाइल उघडली. 'तो आजारी आहे' आणि 'तिला मार बसता कामा नये' ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर लिहिली. आधी मला ती एकमेकांना खोडणारी वाटायची. डॉक्टरांकडे पुन्हा नेऊन संशय-चिडचिडीवरचे औषध बदलून घेतले, कारण ते दुखणे सांगायचे असते हेच तिला माहीत नव्हते. 'घरच्या गोष्टी डॉक्टरले काय सांगाच्या?' औषधाने मारणे बरेच कमी झाले, थांबले नाही. त्याला झटका आला की तिने समजूत घालत बसायचे नाही, दार ओढून शेजारी जायचे, हे शेजारणीशी बोलून ठरवले. घर सासऱ्याच्या नावावर आहे. हा गेल्यावर तिला बाहेर काढतील हे दिसत होते, म्हणून 2005 च्या कायद्याखाली राहत्या घरातल्या हक्काचा आदेश मागितला आहे. वस्तीतल्या काहींना हे फार लागले. आजारी नवऱ्यावर केस केली म्हणून बाया तिच्याशी बोलेनाशा झाल्या, आमच्याच बचत गटातल्या बाया. त्यांच्याशी बोलायला मला चार बैठका लागल्या. एकीने शेवटी विचारले, "म्हंजे सेवा बी करन आन हक्क बी मागन?" हो, दोन्ही.

सर्वांत अवघड गेले ते भावांना बसवणे. भासरा, चुलतभाऊ, चुलते असे पाच पुरुष. त्यातला प्रत्येक जण आतून घाबरलेला आहे, हे मला उशिरा कळले. रुग्णाकडे पाहताना त्यांना आपलेच पुढचे दिवस दिसतात, म्हणून ते पाहत नाहीत. भासऱ्याच्या हातून परवा कप पडला, तर घरात कोणी काही बोलले नाही, सगळ्यांनी नुसते कपाकडे पाहिले. मला त्यांची दया येते. पण भीतीने त्यांना संध्याकाळची सुट्टी मिळते आणि तिला भीती असूनही मिळत नाही, हे त्यांना तोंडावर सांगितले. शेवटी भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाळ्या लिहिल्या. बुधवार आणि शनिवारची रात्र पुरुषांची. आंघोळ एक दिवसाआड भासऱ्याने घालायची, मुलीने नाही. मुलीचे नाव मुक्त विद्यालयात घातले आहे, पुस्तके आली आहेत.

तीन महिने झाले. बुधवारची पाळी बऱ्यापैकी चालते. शनिवारी कोणी ना कोणी लग्नाला गेलेले असते. ती म्हणते, पहिल्या बुधवारी तिला झोपच आली नाही, सवय नव्हती. दुसऱ्या बुधवारी ती मुलीसह शेजारणीकडे जाऊन सकाळी आठपर्यंत झोपली, आणि जागी झाल्यावर घाबरून धावत घरी आली. तो गादीवर बसला होता, चुलतभाऊ त्याला चहा भरवत होता, निम्मा शर्टावर सांडलेला.

आपापल्या केंद्रांत 'तडजोड' म्हणून बंद केलेल्या फाइली असतील. 'पीत नाही पण पिल्यासारखा चालतो', 'वस्तू पडतात', 'पूर्वी असा नव्हता', 'याचा बापही शेवटी असाच' अशी वाक्ये त्यांत कुठे आहेत का, ते एकदा काढून पाहा. आम्ही आमच्या अर्जात आता तीन प्रश्न वाढवले आहेत : आजाराचा, नवऱ्याच्या घरातल्या मुली-बाळींचा, आणि 'रात्री झोप किती होते' हा. तिसऱ्या प्रश्नाशी आल्यावर बऱ्याच जणी रडू लागतात, मारहाणीच्या प्रश्नाला न रडलेल्याही. काळजीवाहू भत्त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही केला आहे. त्यात रकमेचा आकडा अजून भरलेला नाही, कारण बायांना विचारले तर पहिल्या बैठकीत कोणी आकडाच सांगेना. दुसऱ्या बैठकीत तिने सांगितला. मी ब्लाउज शिवून जे कमवत होते तेवढे द्या, म्हणाली.